निर्वाताभोवतीचा गोंगाट

मास स्पेक्ट्रोमीटरचे खरे काम बिनआवाजी असते. आयन सुटतात, क्वाड्रुपोलच्या चार दांड्यांमधून वाट काढतात, डिटेक्टरवर आदळतात आणि यातले काहीच कानाला कळत नाही, कारण हे सारे घडते त्या पोकळीत ध्वनी वाहून न्यायला हवाच नसते. प्रयोगशाळेत रात्रंदिवस जे ऐकू येते ते ती पोकळी राखण्याच्या खटाटोपाचे आवाज: रोटरी पंप, टर्बो पंप, पंखे, नायट्रोजन जनरेटर, चिलर, रिले, वायूच्या नळ्या. त्यामुळे आवाज बदलला तरी मोजमाप लगेच बिघडतेच असे नाही, निकाल काही काळ बरोबर येत राहतात. पंचाईत इथेच आहे. ट्यून पास होते, कॅलिब्रेशन बसते, बॅच चालू असते आणि टेबलाखालून काहीतरी करकरत असते.

अशा वेळी पहिली शंका टर्बोवर जाते. ते साहजिक आहे. यंत्रातला तो सर्वांत महाग फिरता भाग, आणि तो बसला की काम ठप्प. पण पंप बनवणाऱ्यांच्या पुस्तिका, सर्व्हिस इंजिनिअरांचे अनुभव आणि फिरत्या यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास यांत जे साठले आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर दोन गोष्टी ठळक होतात. विचित्र आवाजांपैकी बरेचसे स्वस्त भागांतून येतात: तेल, रबरी कपलिंग, पंखा, टेबलाच्या पायाला टेकलेला पाइप. आणि आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो, हे जास्त कामाचे. आवाजाची वर्णने माणसागणिक वेगळी. एकाची घरघर ती दुसऱ्याची गुरगुर. झडप बंद केल्यावर, स्कॅन थांबवल्यावर किंवा प्लाझ्मा पेटवल्यावर तो बदलला की नाही, याचे उत्तर मात्र दोघांचेही एकच येते.

ही यंत्रे सुरुवातीला एवढी बोलकी नव्हती. फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ मध्ये केंब्रिजला आपला मास स्पेक्ट्रोग्राफ उभारला, तेव्हा उरलासुरला वायू शोषायला द्रवरूप हवेत थंड केलेला कोळसा वापरला जाई. पुढची कित्येक दशके उच्च निर्वाताचे काम डिफ्यूजन पंपाने केले. वोल्फगांग गेडे आणि आयर्विंग लँगम्यूर यांच्या १९१५-१६ च्या सुमाराच्या कामातून आलेला हा पंप. त्यात हलणारा एकही भाग नाही, तापलेल्या पाऱ्याची किंवा तेलाची वाफ वायूच्या रेणूंना खाली ढकलते. मागे एक रोटरी पंप टकटकत असे, तेवढाच आवाज. १९५८ मध्ये जर्मनीत, वेट्झलारच्या फायफर कंपनीत, विली बेकरने टर्बोमॉलिक्युलर पंप आणला आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याने बहुतेक मास स्पेक्ट्रोमीटरांतून डिफ्यूजन पंपाला हटवले. तेलाची वाफ नाही, निर्वात लवकर मिळतो, आणि त्याच्या बदल्यात खोलीत एक बारीक, न थांबणारा सूर.

दुसरा बदल इलेक्ट्रोस्प्रेचा. जॉन फेन यांना ज्या कामासाठी २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्या पद्धतीत आयन उघड्या हवेत तयार होतात आणि बारीक छिद्रातून आत ओढले जातात. म्हणजे यंत्राला कायमचे एक भोक आहे. जीसी-एमएसमध्ये, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ जोडलेल्या यंत्रात, कॉलममधून मिनिटाला मिलीलिटरभर हेलियम आत येतो आणि तासाला काही घनमीटर हवा ओढणारा छोटा पंप त्याला पुरतो. द्रव क्रोमॅटोग्राफला इलेक्ट्रोस्प्रेने जोडलेल्या एलसी-एमएसला तासाला तीस, चाळीस, साठ घनमीटर ओढणारे पंप लागतात, कधी दोन दोन. एका यंत्राचा निरोगी आवाज दुसऱ्यावर ऐकू आला तर तो आजार असू शकतो, तो या फरकामुळे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण रोटरी पंपाच्या टकटकीचे. तेलाने सील केलेल्या या पंपात रोटरच्या खाचांतल्या पाती हवा कोंडून, दाबून, बाहेर जाणाऱ्या झडपेतून ढकलतात. हवा भरपूर असते तेव्हा ती गादीचे काम करते. पंप आपल्या तळाच्या दाबाला पोचला की झडपेपाशी उरते ते जवळजवळ निव्वळ तेल, आणि तेल दबत नाही. ते झडपेवर आपटते, आणि टक्-टक्-टक् असा कोरडा ठोका ऐकू येतो. जीसी-एमएसच्या पंपाने असा ठोका देणे हे बहुधा तब्येत चांगली असल्याचे लक्षण आहे; काही पंपांत तो कमी करण्यासाठी मुद्दाम किंचित हवा आत सोडण्याची सोय असते. एलसी-एमएसचा पंप मात्र सतत हवा गिळत असतो, त्याला तळाचा दाब कधी भेटतच नाही. तो अचानक टकटकू लागला तर पंपाकडे बघण्याआधी इनलेटकडे बघावे. कोनचे (इनलेटवरच्या शंकूचे) किंवा कॅपिलरीचे छिद्र क्षारांनी बुजले असेल, नाहीतर सफाईसाठी लावलेली झडप उघडायची राहिली असेल. हवा गिळण्याचा आवाज थांबला म्हणून खूश होणाऱ्यांना त्याच दिवशी सिग्नल का पडला ते कळत नाही.

याच्या उलट गुडगुड. पंप चालू करताना पहिली काही मिनिटे ती व्हायलाच हवी: आतली सगळी हवा तेलातून बुडबुडत बाहेर पडते आणि विहिरीत घागर बुडताना होतो तसा आवाज येतो. तो हळूहळू विरला पाहिजे. विरला नाही तर हवा कुठून तरी येते आहे. व्हेंट झडप नीट बसली नसेल, ओ-रिंग चिमटली असेल, सोर्सचे दार अर्धवट लागले असेल, किंवा कुणीतरी गॅस बॅलास्टची चकती उघडी ठेवली असेल. ही शेवटची शक्यता आधी तपासावी, कारण तिला हत्यारे लागत नाहीत.

गॅस बॅलास्ट ही गेडेचीच कल्पना, १९३५ ची. सॉल्व्हंटची वाफ पंपात दाबली गेली की ती द्रव होते आणि तेलात मिसळते. दाबण्याच्या टप्प्यात थोडी बाहेरची हवा सोडली की झडप लवकर उघडते आणि वाफ द्रव होण्याआधीच बाहेर जाते. एलसी-एमएसवर दिवसभर पाणी, मेथॅनॉल, ॲसिटोनायट्राइल चालते, त्यामुळे तेल दुधाळ होणे हा तिथला नेहमीचा रोग. दुधाळ तेलाचा पंप वेगळाच वाजतो: जड, ओढल्यासारखा, मधूनच खाकरणारा. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटे बॅलास्ट उघडून पंप चालवण्याची सवय बऱ्याच प्रयोगशाळांत असते आणि ती चांगली आहे. त्याने वाफ निघते, आणि काही पंपांत ऑइल मिस्ट फिल्टरमध्ये अडकलेले तेल परत खाली उतरते. त्या वेळात गुडगुड वाढेल, निर्वात थोडा घसरेल, दोन्ही अपेक्षितच. यंत्र मोजत असताना बॅलास्ट उघडायचा की नाही, ते मात्र त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघून ठरवावे.

तेल कमी झाले की पाती कोरड्या घासतात, खडखड वाढते आणि पंप तापतो. तेल जास्त भरले तर ते एक्झॉस्टकडून थुंकले जाते आणि फिल्टर भरतो. खिडकीतल्या दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवायची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी निम्मे ब्रेकडाऊन कॉल याच खिडकीपाशी मिटू शकले असते असे मला वाटते. तेल काळे झाले म्हणून बदलले आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा काळे झाले, तर प्रश्न तेलाचा राहत नाही, पाती झिजताहेत किंवा पंप जास्त तापतो आहे. बहुतेक पंप सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या भोवतालासाठी बनवलेले असतात. एसी खोलीत हा आकडा दूरचा वाटतो, पण पंप आवाजबंद पेटीत कोंबला आणि पेटीचा पंखा बंद पडला की मे महिन्याची गरज उरत नाही.

सुरू होताना आणि थांबताना धडधड, मध्ये ठीक, असा पंप असेल तर मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगचा रबरी तुकडा झिजलेला असण्याची शक्यता मोठी. तुकडा स्वस्त, तो बदलायला उशीर केला तर दोन्हीकडचे धातूचे दात एकमेकांना खातात. आणि पंपात काहीच बिघाड नसताना सगळे टेबल घोंगावते, तेव्हा फोरलाइनचा, म्हणजे यंत्र आणि पंप यांना जोडणारा, जाड होज बघावा. तो टेबलाच्या कडेला टेकला असेल, ताणला गेला असेल, किंवा यंत्र हलवल्यावर पंपाच्या रबरी पायांपैकी एक चौकटीवर चढला असेल. हाताने होज इंचभर बाजूला केला आणि आवाज गेला, तर निदान आणि उपाय एकाच हालचालीत झाले.

तेल नको म्हणून हल्ली स्क्रोल पंप येतात. दोन सर्पिल तबकड्यांपैकी एक स्थिर असते, दुसरी तिच्यात घिरट्या घालते. त्यांच्या कडांवरचे टिप सील झिजले की आधी निर्वात घसरतो, आणि बेअरिंग गेले की घरघर लागते. नव्या टिप सीलचा पहिल्या दिवसांतला घासण्याचा आवाज बसत जातो, म्हणून सील बदलल्यावर लगेच घाबरू नये. बाकी या पंपाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे.

आता टर्बो. साधारण आकाराच्या टर्बोचा रोटर मिनिटाला ६०,००० फेरे घेतो, छोट्याचा ९०,०००. म्हणजे सेकंदाला हजार ते पंधराशे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या रोटरच्या कडेचा वेग हजार फेऱ्यांना सेकंदाला तीनशे मीटरच्या वर जातो, हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या जवळपास. निरोगी टर्बोचा बारीक, एकसंध सूर हजार-पंधराशे हर्ट्झचा असतो तो यामुळे, आणि तो माणसाच्या कानाला सहज टिपता येतो. चालू करताना तो सूर खालून चढत जातो, वाटेत एक-दोन ठिकाणी क्षणभर थरथर होते कारण रोटर आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवरून पुढे जात असतो, आणि मग तो स्थिरावतो. चढता चढता सूर मध्येच अडकला आणि वर जाईना, तर शंका आधी फोरलाइनवर घ्यावी. मागचा दाब पुरेसा उतरला नसेल तर टर्बो दमतो. बिघाड रोटरीचा असतो, गाऱ्हाणे टर्बो करतो.

मास स्पेक्ट्रोमीटरच्या टर्बोत साधारणपणे वरच्या, उच्च निर्वाताच्या बाजूला चुंबकीय बेअरिंग आणि खाली सिरॅमिक गोळ्यांचे बॉल बेअरिंग असते. आवाजाची कहाणी बहुतेक या खालच्या बेअरिंगची. त्याला तेल पुरवणारा वातीसारखा साठा किंवा ग्रीस हळूहळू संपते. काही वर्षांनी बेअरिंग आणि वंगण बदलावे असे उत्पादक सांगतात आणि ते गंभीरपणे घ्यावे. बिघडू लागलेल्या बेअरिंगचा सूर एकसंध राहत नाही. त्यात खरखर मिसळते, किंवा मुख्य सुराखाली एक जाड गुंजन सुरू होते, किंवा किंचाळल्यासारखा आवाज मधून मधून येऊन जातो. सर्वांत बोलका क्षण थांबतानाचा. पंप बंद केल्यावर रोटर कित्येक मिनिटे फिरत राहतो आणि उतरत्या वेगात त्या नैसर्गिक कंपनसंख्यांवरून पुन्हा जातो. पूर्ण वेगात लपलेली खडखड तिथे उघडी पडते.

मग ऐकण्यासाठी पंप बंद करून पाहावा का? इथे जाणकारांत एकमत नाही. वर्षानुवर्षे अखंड फिरलेले बेअरिंग थांबवले की पुन्हा नीट उठत नाही, हा अनुभव इतक्या जणांचा आहे की तो नुसता समज म्हणून टाकून देता येत नाही. माझे मत असे: सुटा भाग हाताशी असेल किंवा इंजिनिअरची तारीख ठरली असेल, तरच निदानासाठी थांबवावे. तोवर कानापेक्षा कंट्रोलरचे आकडे पाहावेत. टर्बोचा विद्युतप्रवाह किंवा लागणारी शक्ती, बेअरिंगचे तापमान, वेगाची टक्केवारी, हे बहुतेक यंत्रांत सॉफ्टवेअरमध्येच दिसते. सूर बदलला पण हे तिन्ही महिन्यांपूर्वीसारखेच आहेत, तर हातात वेळ आहे. प्रवाह आणि तापमान चढत असतील तर वेळ संपत आली. आणि खरखर धातूच्या घासण्याची असेल तर बॅचची पर्वा न करता बंद करावे. पूर्ण वेगात रोटर अडकला तर पात्यांचे तुकडे आणि धूळ ॲनालायझरच्या बाजूला जाऊ शकते, आणि मग खर्च पंपापुरता राहत नाही. बेअरिंग वेळेत बदलले तर पंप वाचतो; रोटर फुटल्यावर दुरुस्त करण्याजोगे काही उरत नाही.

टर्बोबद्दल आणखी एक गोष्ट, जिने बरीच माणसे विनाकारण घाबरतात. दोन टर्बो असलेल्या यंत्रात कधी कधी सूर फुगतो, उतरतो, पुन्हा फुगतो, काही सेकंदांच्या तालात. दोन रोटरांचे वेग अगदी जवळचे पण तंतोतंत सारखे नसले, तर त्यांचे ध्वनी एकमेकांत मिसळून हे विस्पंद होतात. शाळेच्या पदार्थविज्ञानात दोन ट्यूनिंग फोर्कांचा प्रयोग असतो तोच. दोन्ही पंप निरोगी असूनही हे होते. डोके अर्धा मीटर इकडेतिकडे केले की त्याचा जोर बदलतो. बेअरिंगची खरखर कुठूनही ऐकली तरी खरखरच राहते.

पंखे पटकन उरकू. यंत्राच्या मागे, वीजपुरवठ्यात, टर्बोवर, कंट्रोलरमध्ये असे अनेक पंखे असतात आणि आपल्याकडच्या धुळीत ते लवकर थकतात. धुळीने वजन एका बाजूला गेले की घुरघुर, बेअरिंग कोरडे झाले की किरकिर, वायर पात्याला लागली की टर्रर्र. मागची जाळी साफ करणे हे महिन्याचे काम असावे. पंख्याचा आवाज गेला म्हणून सुटलो असे मात्र मानू नये, तो थांबलाही असेल; मग काही तासांत तापमानाची सूचना येते आणि टर्बो स्वतःहून उतरतो.

फुस्कारा हा वेगळ्या जातीचा आवाज, आणि सगळ्यांत आधी त्याच्याकडे जावे. नायट्रोजन जनरेटरच्या झडपा ठरावीक अंतराने फुस्स करतात, द्रव नायट्रोजनच्या टाकीची सुरक्षा झडप मधूनच सूं करते, रेग्युलेटर कधी कधी शीळ घालतो. यांना लय किंवा ठरलेली जागा असते. लय नसलेला, सतत चालणारा फुस्कारा म्हणजे जोडातून गळती. नायट्रोजन किंवा आर्गॉन बंद खोलीत साठला तर श्वासाला ऑक्सिजन कमी पडतो आणि माणसाला ते कळत नाही. जीसी-एमएससाठी हायड्रोजन वापरणाऱ्यांना तर स्फोटाचीही भीती. खिडकी उघडणे, मुख्य झडप बंद करणे, मग साबणाच्या पाण्याने जोड तपासणे, या क्रमात बदल नको.

पण निर्वाताच्या बाजूची गळती ऐकू येईल अशी आशा ठेवू नये. यंत्राला त्रास देणारी बहुतेक भोके इतकी बारीक असतात की त्यांतून आत शिरणाऱ्या हवेचा काही आवाज होत नाही. ती गळती स्पेक्ट्रममध्ये दिसते: नायट्रोजनचे २८ आणि ऑक्सिजनचे ३२ ही शिखरे साधारण चारास एक या प्रमाणात वर आली, सोबत आर्गॉनचे ४० डोकावले, तर हवा येते आहे. नुसते १८ वाढले तर पाणी. आवाजाच्या पाठीमागे लागलेला माणूस हे आकडे बघायला विसरतो.

टिक्, चट्, चर्र असे वीज उडाल्याचे आवाज थोडे अवघड, कारण ते अवेळी येतात. इलेक्ट्रोस्प्रेच्या सुईवर तीन ते पाच हजार व्होल्ट असतात; सोर्समध्ये क्षार साचले, सुई वाकडी बसली किंवा निगेटिव्ह मोडमध्ये पाणी जास्त असले की कोरोना डिस्चार्ज होतो. ओझोनचा तिखट वास येतो, अंधारात निळसर ठिपका दिसतो, आणि त्याच क्षणी सिग्नल उसळतो किंवा कोसळतो. व्होल्टेज थोडे कमी करून आवाज गेला तर सोर्स उघडून साफ करावा, अर्थातच व्होल्टेज बंद करून आणि थंड झाल्यावर. आतल्या भागात, डिटेक्टरच्या डायनोडवर वगैरे, ठिणगी पडते त्याचे कारण बऱ्याचदा निर्वात खराब असणे हे असते. फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्येच दाखवले की वायूचा दाब आणि दोन टोकांतले अंतर एका ठरावीक मेळात आले की फार कमी व्होल्टेजलाही वायू फुटतो. हवेत तो तळ सुमारे ३३० व्होल्टचा आहे. चांगला निर्वात त्या तळापासून दूर ठेवतो, अर्धवट निर्वात त्याच्याकडे नेतो. म्हणून घाईने, दाब उतरण्याआधी व्होल्टेज चढवू नये. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत बाहेरच्या जोडण्यांवर, कनेक्टरांवर ओल धरते आणि तिथेही चटचट होते. एसी रात्री बंद करणाऱ्या प्रयोगशाळांना सकाळी हा अनुभव येतो. झाकण उघडून आत काय उडते ते शोधायला मात्र जाऊ नये. ते काम कंपनीच्या माणसाचे.

काही यंत्रे स्कॅन करताना चिवचिवतात किंवा गुणगुणतात. क्वाड्रुपोलची रेडिओ वारंवारता साधारण मेगाहर्ट्झची, ती ऐकू येणे शक्य नाही. पण स्कॅनच्या तालात व्होल्टेज चढते-उतरते आणि कॉइल, ट्रान्सफॉर्मर त्या तालावर किंचित हलतात. पडताळणी सोपी: स्कॅनचा वेग बदलावा. आवाजाचा ताल बदलला तर पंपांना निर्दोष सोडावे.

आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे आर्गॉनच्या प्लाझ्मात आयन बनवणाऱ्या यंत्रात, आर्गॉनचा झोत, चिलर, एक्झॉस्ट आणि पेरिस्टाल्टिक पंपाचे रोलर यांचा इतका कल्ला असतो की कान लवकर हार मानतो. तरी एक खूण उपयोगाची. प्लाझ्मा पेटताच इंटरफेसच्या रोटरी पंपाचा आवाज हलका होतो. हजारो अंशांचा तापलेला वायू विरळ असतो, त्याच छिद्रातून आता कमी वस्तुमान आत येते आणि पंपावरचा भार उतरतो. पेटल्यावरही पंप तसाच कण्हत राहिला तर कोनचे छिद्र मोठे झाले असेल किंवा कोन नीट बसला नसेल. एलसीच्या बाजूचे आवाज, म्हणजे चेक व्हॉल्व्हची टिकटिक, पिस्टन सीलची चीं चीं, डायव्हर्ट व्हॉल्व्हची घसरती करकर, हे मास स्पेक्ट्रोमीटरचे नाहीतच. पण ते शेजारी वाजतात म्हणून नाव याचे होते.

ऐकायचे कसे, यावर जुने आणि नवे असे दोन संप्रदाय आहेत. जुने इंजिनिअर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकतात. रोटरी पंपासाठी ही रीत आजही उत्तम, फक्त टोक फिरत्या भागाजवळ आणि विजेच्या भागाजवळ न्यायचे नाही. वयाबरोबर वरच्या पट्टीचे ऐकू येणे कमी होत जाते, तेव्हा अतिबारीक किंकाळी प्रयोगशाळेतल्या सर्वांत तरुण विद्यार्थ्याला आधी ऐकू आली तर त्याला वेड्यात काढू नये. नवी रीत म्हणजे फोनवरचे वर्णपट दाखवणारे ॲप. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. चार ध्रुवांच्या मोटरचा रोटरी पंप मिनिटाला १५०० च्या थोडे खाली फिरतो, म्हणजे सेकंदाला चोवीस-एक फेरे, आणि त्याची शिखरे चोवीसच्या पटीत दिसतात. ट्रान्सफॉर्मरचे गुंजन १०० हर्ट्झला. टर्बो १००० ते १५०० ला, एकच टोकदार शिखर. आवाज कुठल्या शिखरात आहे हे कळले की निम्मे काम होते. अमेरिकेतल्या कुणाच्या ध्वनिमुद्रणाशी आपले ताडून पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की तिथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथला रोटरी पंप वेगाने फिरतो आणि ट्रान्सफॉर्मर १२० ला गुणगुणतो. टर्बो मात्र स्वतःच्या कंट्रोलरवर चालतो. तो दोन्हीकडे एकाच सुरात.

फोनचा खरा उपयोग मात्र बिघाड होण्याआधीचा. यंत्र नवे किंवा नुकतेच दुरुस्त झालेले असताना, ठरलेल्या तीन-चार जागांवरून, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ठेवणे आणि त्या दिवशीचे दाब, प्रवाह, तापमान सोबत लिहिणे. हे जवळजवळ कुणी करत नाही. मग ब्रेकडाऊन कॉलवर इंजिनिअर विचारतो, आधी कसा वाजायचा? आणि खोलीतले चौघे चार उत्तरे देतात.

या सगळ्यात एक उलटा प्रवाह चालू आहे, आणि तो मला पटत नाही. पंप आवाजबंद पेटीत किंवा सरळ शेजारच्या खोलीत ठेवण्याकडे कल वाढतो आहे. त्यामागे कारण आहे: दिवसभर पंपाशेजारी बसणे थकवते, जरी हा गोंगाट कारखान्यांसाठी घातलेल्या आठ तासांना ९० डेसिबलच्या मर्यादेच्या बराच खाली असला. पण पंप नजरेआड आणि कानाआड गेला की तेलाची खिडकी महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. लांब फोरलाइनमुळे ओढण्याची ताकद घटते ते वेगळेच. पेटी घ्यायचीच तर तापमान दाखवणारी घ्यावी, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून पाच मिनिटे पंपाशेजारी उभे राहण्याचे काम कुणाच्या तरी नावावर लावावे.

राहिला प्रश्न केव्हा थांबायचे याचा, आणि तो तांत्रिक कमी, वेळापत्रकाचा जास्त. महाराष्ट्रातल्या कीटकनाशक अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षे अडली. द्राक्षाच्या हंगामात या तपासणीवर किती भार असतो, हे तेव्हा बागायतदारांनाही कळले. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत एलसी-एमएस आणि जीसी-एमएस जवळजवळ अखंड चालतात. आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार सदोष ठरलेले उपकरण वापरातून बाजूला काढावे लागते, पण करकरणारा आणि तरीही सगळे निकष पास करणारा पंप त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून फेब्रुवारीत आवाज ऐकून न ऐकल्यासारखा केला जातो आणि मार्चमध्ये यंत्र बसते. बेअरिंग, कपलिंग, टिप सील, तेल ही कामे हंगामाआधीच करावी लागतात. पावसाळ्यात वेळ असतो, पण ओल्या हवेत व्हेंट केलेले यंत्र आतल्या पृष्ठभागांवर पाणी धरते आणि १८ चे शिखर खाली यायला फार वेळ घेते. व्हेंट करताना कोरडा नायट्रोजन सोडला तरी दार उघडे राहते तेवढा वेळ हवा आत जातेच. मग उरतो ऑक्टोबर-नोव्हेंबर, बागांत छाटणी चालू असतानाचा काळ. सर्व्हिस इंजिनिअरची तारीख त्यासाठी ऑगस्टमध्येच मागावी, कारण त्या दोन महिन्यांवर डोळा असलेल्या प्रयोगशाळा बऱ्याच आहेत.